पंचवीस म्हटलं की बावन्न लिहिणाऱ्या मुलासाठी

माझा भाचा देवगडला तिसरीत. डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचणं-लिहिणं अवघड जातं. ‘पंचवीस’ ऐकलं की 52 लिहायचा. त्याचं चुकत नव्हतं हो, आपण बोलतो आधी पाच, मग वीस! 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन दिलं, तेच मी घरी धरलं.

काजूच्या बिया घ्या. दहा-दहा एकेका करवंटीत, उरलेल्या सुट्या. भरलेल्या करवंट्या डावीकडे, सुट्या उजवीकडे. त्याने हाताने मोजायचं, ‘दोन करवंट्या, पाच सुट्या, वीस पाच, पंचवीस’ म्हणायचं, मगच लिहायचं. एकोणतीस सगळ्यात शेवटी घ्या. त्यात ‘तीस’ ऐकून मुलं हमखास 3 लिहितात.

वही मोठ्या चौकटींची, एका चौकटीत एकच अंक. पाढ्यांचा तक्ता समोर राहू द्या, पाठांतरासाठी छळू नका.

शाब्दिक उदाहरण तुम्ही वाचून दाखवा. ‘दोन पेट्या, प्रत्येकीत पाच डझन हापूस, एकूण किती?’ पुस्तकात हेच वाचताना तो रडला होता. मी वाचल्यावर क्षणात म्हणाला, ‘मावशी, एकशेवीस!’

रोज पंधरा मिनिटं पुरे. थकला की थांबा. आणि शाळेशी बोला: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता येते, प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो.