डायपरची सवय लागण्याआधी : ज्येष्ठांचा लघवीवरचा ताबा घरी कसा टिकवावा

खुब्याचं ऑपरेशन होऊन आजी घरी येतात, तेव्हा औषधांच्या पिशवीसोबत डायपरचं पाकीटही येतं. वॉर्डात माणसं कमी, पलंग उंच, हाताला सलाइन. त्यामुळे ‘त्यातच करा आजी, काही होत नाही’ असं त्यांना सांगितलेलं असतं. सुरुवातीला त्यांना तसं जमतच नाही, कारण आयुष्यभराची सवय आड येते. मग हळूहळू जमायला लागतं. पुढे वॉकर धरून चालता येऊ लागलं तरी त्या लघवीला जायचंय असं म्हणत नाहीत. घरचे म्हणतात, वय झालं. पण अनेकदा वयाचा दोष थोडा असतो आणि मोडलेल्या सवयीचा जास्त.

लघवी रोखणं आपण लहानपणी शिकलेलो असतो. मूत्राशयात साधारण १५० ते २०० मिलि लघवी साठली की पहिली जाणीव होते. निरोगी प्रौढाच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलि सहज मावते. मधल्या वेळात मेंदू ‘आत्ता नको’ असं कळवत राहतो आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळलेले राहतात. जाणीव झाली की उठायचं, संडासापर्यंत रोखायचं, बसल्यावर सोडायचं, हा क्रम रोज वापरला तरच टिकतो. चोवीस तास डायपर लावला की त्याची गरजच उरत नाही आणि प्रौढ माणूसही तो विसरू शकतो. म्हणून डायपर हवा तिथे जरूर वापरावा, पण संडासाला पर्याय म्हणून नको.

आधी कारण शोधा

लघवी गळते म्हणून थेट दुकानात जाऊ नका. आधी डॉक्टरांकडे जा. लघवीची तपासणी, रक्तातली साखर आणि लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे पाहणारी सोनोग्राफी, एवढ्यावरून बरंच कळतं. मूत्रमार्गाचा संसर्ग, वाढलेली साखर, बद्धकोष्ठता, रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी ही नेहमी आढळणारी कारणं आहेत आणि त्यांवर उपाय करता येतो. बद्धकोष्ठतेकडे तर घरात कुणाचं लक्षच नसतं. मळ साठून घट्ट झाला की तो मूत्राशयावर दाब देतो.

पुरुषांमध्ये सतत थेंब थेंब गळत असेल, तर मूत्राशय रिकामं नसून तुडुंब भरलेलं असू शकतं. मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे वाट अडते आणि वरचं वर ओसंडत राहतं. अशा माणसाला डायपर लावून गप्प बसणं मूत्रपिंडांसाठी धोक्याचं आहे. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, लघवी अजिबात न होणं, कमरेच्या दुखण्याबरोबर पायांत अशक्तपणा किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यात अचानक गोंधळ जाणवला तर त्यामागेही कधी कधी संसर्ग असतो.

तीन दिवस वही ठेवा

पलंगाशेजारी एक वही आणि पेन ठेवा. लघवी किती वाजता झाली, किती झाली (मापाचं प्लास्टिकचं भांडं घ्या), कपडे ओले कधी झाले, त्या वेळी माणूस काय करत होता, चहा-पाणी कधी घेतलं, सगळं लिहा. खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना गळते का? की घाई लागते आणि दारापर्यंत जाईपर्यंत होऊन जातं? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. डॉक्टरांनाही या वहीचा तोंडी सांगण्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोग होतो.

वेळ बांधा आणि विचारा

घरी करण्यासारखा सर्वांत मोलाचा उपाय हाच, असं माझं मत आहे. वहीवरून अंदाज घ्या. दर अडीच तासांनी ओलं होत असेल तर दोन तासांनी संडासाकडे न्या. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, झोपण्याआधी या वेळा तर ठरलेल्याच. मात्र नुसतं उचलून नेऊ नका. आधी विचारा, ‘बाबा, लघवीला लागलीय का?’ उत्तराला वेळ द्या. नाही म्हणाले तर ‘चला, एकदा जाऊन येऊ या’ म्हणा. विचारल्यामुळे त्यांचं लक्ष पुन्हा पोटातल्या जाणिवेकडे वळतं आणि मोडलेला क्रम जुळायला लागतो. स्मृतिभ्रंश असलेल्यांनाही या पद्धतीचा फायदा होतो. त्यांना शब्द सुचत नसला तरी चुळबुळ, कपडे ओढणं, उगाच उठबस यांतून ते सांगत असतात.

कोरडे राहिले तर तसं मोकळेपणाने बोला, ‘बघा, सकाळपासून कोरडं आहे.’ ओलं झालं तर काही न बोलता बदला. ज्याच्यावर रागावलं जातं तो माणूस पाणी प्यायचं बंद करतो, ओले कपडे गादीखाली लपवतो, आणि मग तुम्हाला काही कळायचा मार्गच उरत नाही. नातवंडांसमोर हा विषय काढू नये.

संडासापर्यंतची वाट सोपी करा

कित्येकांचं मूत्राशय ठीक असतं, पण गुडघे साथ देत नाहीत. भारतीय पद्धतीच्या संडासात बसायला-उठायला त्रास होतो, म्हणून जाणं लांबवलं जातं आणि वाटेतच होतं. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा. ती रात्री पलंगाजवळ ठेवता येते. पुरुषांसाठी युरीन पॉट हाताशी असू द्या. भिंतीला आधाराचा दांडा, वाटेत रात्रभर मंद दिवा, घसरणारी पायपुसणी हटवलेली, एवढं झालं की पडण्याचा धोकाही कमी होतो.

कपड्यांकडे बघा. लेंग्याच्या नाडीला बसलेली गाठ ऐन घाईत सुटत नाही. नाडीऐवजी इलॅस्टिक घाला. साडी नेसणाऱ्या आजींना दिवसा गाऊन सोपा जातो, पण त्यांना तो आवडत नसेल तर जबरदस्ती करू नका. साडी वर धरायला मदत केली तरी चालतं.

पाणी तोडू नका

गळतंय म्हणून पाणी कमी केलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुरते, वास वाढतो, बद्धकोष्ठता होते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर दिवसभरात दीड लिटरच्या आसपास द्रव पोटात जाऊ द्या. त्यातलं बरंचसं संध्याकाळच्या आत संपवा. चहा-कॉफीने घाई वाढते. चहा एकदम तोडण्यापेक्षा दुपारनंतरचा कप कमी करा. पायांवर सूज असेल तर दुपारी पाय उशीवर घेऊन पडावं, नाहीतर तेच पाणी रात्री लघवीवाटे निघतं आणि चार वेळा उठवतं. लघवीची गोळी रात्रीऐवजी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून वेळ बदलू नका.

जमत असेल तर व्यायाम

बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर खोकताना लघवी निसटणाऱ्या बायका आपल्याकडे वर्षानुवर्षं गप्प राहतात. लग्नकार्याला जाणं टाळतात, एसटीचा लांबचा प्रवास टाळतात. त्यांच्यासाठी अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली मांडलेला व्यायाम आजही पहिला उपाय आहे. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही तो उपयोगी पडतो.

वायू सरताना रोखायचा असेल तर जे स्नायू आवळतो तेच आत आणि वर ओढा. पोट, मांड्या, नितंब सैल. श्वास चालू. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जा. एका वेळी आठ ते बारा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लघवी करताना मध्येच धार अडवून हा व्यायाम करण्याची सवय लावू नका. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. स्नायू नेमके कुठले हे समजत नसेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा तरी जावं.

एकदम घाई लागणाऱ्यांनी पळू नये. जागीच थांबावं, शक्य तर बसावं, हेच स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळावे-सोडावे, लाट ओसरू द्यावी आणि मग शांतपणे चालत जावं. असं जमायला लागलं की दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवा. ‘बाहेर निघतोय तर जाऊन येऊ’ म्हणत दर तासाला जाण्याने उलट मूत्राशयाला थोड्यावरच हाक मारायची सवय लागते.

डायपर लागणारच असेल तेव्हा

चालणाऱ्या माणसाला पँटसारखा, वर-खाली ओढता येणारा डायपर द्या, म्हणजे संडासात जाता येतं. चिकटपट्ट्यांचा डायपर पलंगावर असलेल्यांसाठी. थोडंच गळत असेल तर पॅड पुरेसं होतं. कंबर आणि नितंब यांतलं मोठं माप टेपने मोजून आकार निवडा. मोठा घेतला तर जास्त शोषेल असं नसतं, उलट मांडीकडून गळतो. गादीवर मेणकापड आणि त्यावर अंडरपॅड (ओल शोषणारी चौकोनी चटई) किंवा जाड सुती चादर घाला.

ओला झाला की बदला, आणि सांगता न येणाऱ्यांचा दर दोन-तीन तासांनी तपासा. शी झाली तर ताबडतोब. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. बायकांना पुढून मागे पुसा. डेटॉल-सॅव्हलॉन त्वचेवर नको. घासू नका, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. जाड थर डायपरला चिकटून त्याची शोषणशक्ती घटवतो. टाल्कम पावडर घड्यांत साचून लगदा होते, ती टाळा. जांघेत लालसर भाजल्यासारखं दिसलं, बारीक पुरळ उठलं किंवा माकडहाडापाशी डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवा. तो बुरशीचा संसर्ग किंवा बेडसोअरची (पडून राहिल्याने दाबाखाली होणाऱ्या जखमेची) सुरुवात असू शकते. कायमचा कॅथेटर (मूत्राशयात बसवलेली लघवीची नळी) सोयीचा वाटतो, पण त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो. केवळ गळती थांबवायला तो मागू नये.

वापरलेला डायपर घनकचरा नियमांनुसार सॅनिटरी कचऱ्यात मोडतो. घट्ट गुंडाळून वर्तमानपत्रात बांधा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने त्यावर लाल ठिपका काढायला सांगितलं, म्हणजे हाताने कचरा निवडणाऱ्या ताईंना उघडून बघावं लागत नाही. कुठल्याही गावात हे करता येईल.

डायपर सोडवायचा कसा

आठवडाभर वही बघा. ज्या वेळेत डायपर सलग कोरडा मिळतो, बहुधा सकाळच्या फेरीनंतर, त्या दोन तासांत सुती अंतर्वस्त्र द्या आणि खुर्चीवर अंडरपॅड ठेवा. चार-पाच दिवस कोरडे गेले की वेळ वाढवा. मग दुपार, मग संध्याकाळ. मध्येच ताप, जुलाब, नवीन औषध असं काही आलं तर मागे जा आणि बरं वाटल्यावर तिथूनच पुन्हा सुरू करा. लांबचा प्रवास असेल त्या दिवशी डायपर लावायला हरकत नाही, फक्त थांबा आला की विचारून संडासाला न्यायचंच. रात्रीचा डायपर सर्वांत शेवटी काढा. काहींचा तो निघत नाही, आणि तेवढा राहिला तरी चालतो.