भरतीची तयारी करणाऱ्या पोराच्या मागे कसं उभं राहायचं

घरात कुणी पोलीस शिपाई भरतीची तयारी करत असेल तर "जिद्द ठेव, मेहनत कर" एवढं बोलून काही होत नाही, त्याला आधी आकडा समोर द्या. मैदानी चाचणी ५० मार्कांची असते, पोरांना १६०० मीटर धावणं, पोरींना ८०० मीटर, त्याला २० मार्क, मग १०० मीटर धावणं आणि गोळाफेक प्रत्येकी १५, आणि त्यातून निवडले गेले की पुढे १०० मार्कांचा लेखी पेपर. हे सगळं एका वहीत लिहायला लावा आणि दर रविवारी घड्याळ लावून त्याचा टाइम तुम्ही स्वतः घ्या, कारण कोणीतरी आपली वाट बघत मैदानावर उभं आहे हे कळलं ना की पोरं पहाटे आपोआप उठतात. तुलना फक्त मागच्या रविवारशी करायची, शेजारच्याच्या पोराशी अजिबात नाही, त्याने पोरं आतून तुटतात हो.

लेखीसाठी गणित आणि मराठी व्याकरण रोज, चालू घडामोडी वर्तमानपत्र वाचून.

अविनाश साबळेचं उदाहरण सांगा, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा पोरगा, बारावीनंतर सैन्यात गेला, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, सिल्व्हर आणलं. पण नुसतं उदाहरण देऊन थांबू नका, चांगले बूट घेऊन द्या, आणि यादीत नाव नाही आलं तर त्या दिवशी प्लीज काही विचारू नका, फक्त सोबत जेवा. दुसरा पर्याय काय, ते आठवड्याने शांतपणे बोला.