साइड स्टँडला रुंद पाऊल, घरच्या घरी

पावसाळ्यात चिखलात किंवा उन्हात मऊ झालेल्या डांबरात स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते. उपाय म्हणजे पावलाखाली 5 मिमी जाड ॲल्युमिनियमची रुंद पट्टी. भंगारवाल्याकडचा तुकडाही चालेल.

आधी पुठ्ठा कापा: स्टँडच्या पावलाचा ठसा घेऊन भोवती 12 ते 15 मिमी वाढवा. तो पुठ्ठा चिकटवून स्टँड वर-खाली करून बघाच. दुमडल्यावर तो चेन, सायलेन्सर किंवा मेन स्टँडला घासत असेल, तर तिथे कमी करा. ही पायरी टाळली की पट्टी वाया.

मग पुठ्ठ्याच्या मापाने पट्टी इंचाला 18 दात असलेल्या हॅकसॉ ब्लेडने कापा. बारीक दातांत ॲल्युमिनियम भरून बसतं. कानशीला खडू घासला की तीही तुंबत नाही. पट्टी पावलाखाली ठेवा, वरून 3 मिमी जाडीचे दोन तुकडे पावलाच्या कडेवर येतील असे लावून चार एम-5 बोल्टनी आवळा. भोकं आधी 3 मिमी, मग 5.5 मिमी. बोल्टची डोकी खालून काउंटरसंक (पट्टीत बुडालेली) हवीत, वर नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा).

जाड पट्टीचा मोह नको. स्टँड उंच झाला की गाडी कमी कलते आणि जराशा धक्क्याने उजवीकडे पडते.