फ्रेटबोर्डला शिसवी नाही तर मग कुठलं लाकूड?

गिटारचा नेक (लांब दांडी) तयार झाला, आता त्यावर चिकटवायची पट्टी, म्हणजे फ्रेटबोर्ड, जिच्यात फ्रेट्स (धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या) ठोकतात, ती कशाची घ्यायची, इथे बरेच जण अडकतात. सवयीने शिसवी नाहीतर एबनी. पण शिसवीच्या डालबर्जिया वंशातली सगळी लाकडं २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटी सूट मिळाली खरी, पण कच्ची फळी परदेशातून मागवायची तर कागदपत्रं लागतातच. म्हणून पर्याय शोधायचा, फक्त रंग बघून शोधू नका.

आधी कडकपणा बघा. जांका आकड्यात (लाकडाचा कडकपणा मोजायचं माप, जास्त म्हणजे कडक) शिसवी साधारण २४४०, एबनी ३००० च्या वर, हार्ड मेपल १४५०. मेपल इतकी वर्षं चालतंय म्हणजे खालची रेघ तीच धरा. अक्रोड १०१० च्या आसपास, दिसायला झकास पण तारांखाली घळी पडतात. पाउ फेरो आणि वेंगे दोन्ही १९५० च्या आसपास, मस्त चालतात. नख जोरात दाबून बघा, खूण उठली तर सोडून द्या.

मग सुकलंय का ते. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि मी इथेच माती खाल्ली होती. दुकानदार सुकलंय म्हणाला, मी लगेच फ्रेट्स ठोकल्या, दोन महिन्यांत लाकूड आकसलं आणि फ्रेट्सची टोकं दोन्ही कडांना अशी बाहेर आली की नेकवरून हात फिरवला की करवतीवरून फिरवल्यासारखं वाटायचं. आता मी फळीवर तारीख आणि वजन पेन्सिलने लिहितो, दर आठवड्याला काट्यावर ठेवतो, वजन उतरायचं थांबलं की मगच हात लावतो. घेताना फळीचं टोक बघा, रेषा उभ्या असतील तर ती रुंदीला कमी हलते. गाठ नको. तयार जाडी ६ मिमी लागते, पण ८ ची घ्या, रंध्यात जातेच.

तिसरं, कडेच्या तुकड्यावर खाचा मारून बघा. फ्रेटची आत जाणारी पाती अर्धा मिमीच्या आसपास, खाच ०.६ ची. चार-पाच खाचा मारा, फ्रेट ठोका, परत उपटा. वेंगेच्या कडेला ढलप्या उडतात (आणि कुसळं बोटात, ती वेगळीच गंमत), भाजलेलं मेपल हलत नाही पण ठिसूळ होतं, तिथे फ्रेट काढताना आधी सोल्डरिंग आयर्नने गरम करायची. कॅटालॉक्स एबनीच्या जवळ जातं, अगदी कडक, पात्यांची धार मात्र खातं.

आवाजाचं म्हणाल तर पट्टीच्या लाकडाने पडणारा फरक ऐकू येण्याआधी सेटअपमधली (तारांची उंची वगैरे जुळवणी) चूक ऐकू येते, त्यात फार डोकं घालू नका.

पाउ फेरोच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, मास्क आणि लांब बाह्या हव्यातच. तेलकट लाकडाची चिकटवायची बाजू ॲसिटोनने पुसा, फडक्यावर रंग उतरेल, घाबरू नका. पुसून सुकली की लगेच ग्लू लावून क्लॅम्प करा, उद्यावर टाकलंत तर तेल परत वर येतं.