वेळ देऊन दार न उघडणारी गिऱ्हाइकं कशी सांभाळायची

चिंचवडगाव, निगडी प्राधिकरण, रावेत आणि वाकडचा थोडा भाग, एवढ्या पट्ट्यात माझी काचा पुसायची लाईन आहे, म्हणजे ठरलेली घरं आणि दुकानं. सकाळी दुकानं आणि दवाखाने उरकतो, दहानंतर सोसायट्यांमधले फ्लॅट. स्लायडिंगच्या काचा, ट्रॅकमधली माती, मच्छरजाळ्या, बाल्कनीचं काचेचं रेलिंग. हाताखाली एक मुलगा आहे. या धंद्यात नव्याने येणारी पोरं भेटली की विचारतात, वायपर कुठला घेऊ, रॉड किती फुटी घेऊ. ते आठवडाभरात हाताला येतं. लाईन कोलमडते ती वेगळ्याच कारणाने. दहाची वेळ देऊन कुलूप लावून गेलेलं घर, "संध्याकाळी जीपे करते" म्हणून नंतर फोनच न उचलणाऱ्या मॅडम, सगळं काम झाल्यावर दोनशे रुपये कापणारे काका. अशा गिऱ्हाइकांशी कसं वागायचं ते कुणी शिकवत नाही, म्हणून लिहितोय.

आधी एक लक्षात घ्या. आज न खपलेला माल दुकानदार उद्या विकतो. आपली दहा ते बाराची वेळ गेली की गेली, आणि बरोबरच्या मुलाची हजेरी तरी द्यावीच लागते. त्यामुळे वेळ मोडणारं गिऱ्हाईक हे पैसे बुडवणाऱ्याइतकंच महाग पडतं. बरेच जण उधारीची वही ठेवतात, पण कुणी किती वेळा वेळ मोडली हे कुणी लिहीत नाही. मी लिहितो. नावापुढे तारीख आणि कारण, एवढंच. चार महिन्यांनी वही चाळली की कुणाचं काय ते आपोआप दिसतं.

बहुतेक लोक वाईट नसतात. बोलणं मोघम राहिलेलं असतं. "या की कधीतरी", "रविवारी बघू", "सकाळी सकाळी या", अशा बोलण्यावर बॅग उचलायची नाही. वार, तारीख, तासाचा पट्टा आणि रक्कम या चार गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेल्या असल्या पाहिजेत. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी नंतर मेसेज टाकायचाच. मी असा टाकतो:

"नमस्कार काकू. शुक्रवार, सकाळी १० ते ११ च्या मध्ये येतो. २ बीएचके, सगळ्या काचा, ट्रॅक आणि जाळ्या मिळून १,४०० रुपये. काम झाल्यावर लगेच जीपे किंवा रोख. चालेल ना?"

"चालेल" असं उत्तर आलं की नाव वहीत जातं. नुसता अंगठा आला तरी मी धरतो. निळ्या टिक आल्या आणि उत्तर नाही, तर धरत नाही.

दुसरा मेसेज आदल्या संध्याकाळी सातच्या सुमाराला. त्यात तीनच गोष्टी विचारतो: उद्या घरी कोण आहे, पाणी आहे का, आणि गेटवर एंट्री टाकली का. रात्री नऊपर्यंत उत्तर आलं नाही तर एक फोन. तोही उचलला नाही तर ती वेळ दुसऱ्याला देतो आणि तसं कळवतो: "उत्तर आलं नाही म्हणून उद्याची वेळ दुसरीकडे दिली. पुढची मोकळी वेळ बुधवारी आहे." यात रागाचा एक शब्द नसावा. एकदा असं झालं की पुढच्या वेळी पाच मिनिटांत उत्तर येतं.

पाण्याचं का विचारतो ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड आहे. टाकी तळाला गेली की गिऱ्हाईक दारातच म्हणतं, "अहो, आज नको, पाणी नाही." तो माणूस बेभरवशाचा नसतो, त्याच्याकडे खरंच पाणी नसतं. म्हणून कुठल्या सोसायटीला कुठल्या दिवशी पाणी येतं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि गाडीवर २० लिटरचा कॅन असू द्या. दोन बादल्यांत एक फ्लॅट होतो. महावितरणची देखभालीची कामं आपल्याकडे बहुधा गुरुवारी निघतात, लिफ्ट बंद पडते. मी गुरुवारी उंच इमारती घेतच नाही, बंगले आणि दुकानं घेतो. निम्म्या "आज नको" अशा तयारीनेच संपतात.

पावसाळ्यात वेगळं सुरू होतं. जूनपासून सगळे म्हणतात, "पाऊस आहे, नंतर बघू." तेव्हा सांगायचं की बाहेरची बाजू राहू दे, ट्रॅक करून घ्या. ट्रॅकची भोकं मातीने बुजली की पावसाचं पाणी बाहेर न जाता आत झिरपतं आणि खिडकीखालच्या भिंतीला पोपडे धरतात. हे एकदा दाखवलं की तेच गिऱ्हाईक जूनमध्ये स्वतः फोन करतं.

आता पैशाचं. घरगुती कामात उधारी नाही, हे पहिल्याच मेसेजमध्ये असू द्या. काम संपलं की लगेच सामान भरू नका. आधी मॅडमना किंवा काकांना बोलवा, एक स्लायडिंग उघडून ट्रॅकवरून बोट फिरवून दाखवा, मग मोबाईलवर क्यूआर समोर धरा आणि शांत उभे राहा. रक्कम तोंडाने स्पष्ट बोला. आपणच बॅग खांद्याला लावून "बरं, येऊ का" म्हटलं की समोरच्याला "संध्याकाळी करते" म्हणायला जागा मिळते. पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर नम्रपणे थांबायचं आणि आपल्या फोनवर बँकेचा मेसेज येऊ द्यायचा. खोटे स्क्रीनशॉट बनवणारे आहेत. आणि खरोखर अडकलेलं पेमेंट असेल तर असं थांबणं त्यांच्याही हिताचं असतं, दोनदा पैसे जात नाहीत.

नवीन घर असेल तर मी २०० रुपये आगाऊ मागतो, कामाच्या रकमेत धरून. ज्याला काम करून घ्यायचंय तो लगेच पाठवतो. जो दोनशे रुपयांवर वाद घालतो तो चौदाशेवर काय करील हे वेगळं सांगायला नको.

काम झाल्यावर पैसे कापणाऱ्यांचं मूळ बहुतेक वेळा डागांत असतं. वाकड-पुनावळे भागात टँकरचं आणि बोअरचं पाणी काचेवर उडतं, वाळतं, आणि मागे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर राहतो. ताजा थर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पातळ पाण्याने निघतो. वर्षानुवर्षांचा असेल तर काचच खाल्ली गेलेली असते, ती कशानेही पूर्वीसारखी होत नाही. म्हणून काम सुरू करायच्या आधी बाथरूमच्या किंवा किचनच्या सगळ्यात खराब काचेवर तळहाताएवढी जागा निवडा. तिथे हे सायट्रिकचं पाणी लावा, दोन मिनिटं थांबा, घासा, वायपर मारा, कोरडं कापड फिरवा. मग घरच्या माणसाला उजेडाच्या बाजूने तिरकं बघायला सांगा. "काकू, एवढंच निघणार. हे चालत असेल तर पुढचं करतो." त्याच वेळी तडा गेलेली काच, तुटलेलं लॉक, फाटलेली जाळी यांचे फोटो काढून तिथल्या तिथे त्यांनाच पाठवा. या दहा मिनिटांनी मागचे सगळे वाद मिटतात. मी कितीही घाई असली तरी हे सोडत नाही.

"आलाच आहात तर तेवढा पंखा पण पुसा" म्हणणाऱ्यांना नाही म्हणायची गरज नाही. दर सांगा. "पंख्याचे पन्नास, करू का?" हसत बोललेला दर कुणाला टोचत नाही. फक्त एका मागणीला ठाम नकार द्या: खिडकीबाहेर छज्ज्यावर उतरून काच पुसणं. स्लायडिंगचं पान वर उचलून आत काढता येतं, रॉडने पोचेल तेवढं पोचतं. उरलेली बाहेरची काच दोर लावून काम करणाऱ्यांची. "मागचा माणूस उतरायचा" असं म्हणणारं गिऱ्हाईक सोडलेलं बरं.

भाड्याचे फ्लॅट हा स्वतंत्र विषय. मालक दुबईला किंवा अमेरिकेत, काम त्यांनी सांगितलेलं, दार उघडायचं भाडेकरूने. अकरा महिन्यांचा करार संपताना तर जास्तच ओढाताण. मालक म्हणतात भाडेकरू देईल, भाडेकरू म्हणतो डिपॉझिटमधून कापा, आणि मधे बादली धरून आपण. उपाय सोपा आहे. दोघांना एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घ्या आणि विचारा, "पैसे कोण पाठवणार?" त्या ग्रुपवर उत्तर आल्याशिवाय तारीख द्यायची नाही. मालक परदेशात असतील तर पूर्ण पैसे आधी. यात कुणाला वाईट वाटल्याचं मला आठवत नाही.

दुकानं, दवाखाने, छोटी ऑफिसं यांना मात्र महिन्याचं बिल द्यावं लागतं, आणि तिथे "साहेब बाहेर गेलेत" सुरू होतं. इथे कागद उपयोगी पडतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून घ्या. १ जुलै २०२० पासून ती सरकारी वेबसाइटवर आधारवर होते आणि फुकट आहे, एजंटला हजार रुपये देऊ नका. काम घेण्याआधी नोंदणी हवी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे आपल्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या धंद्याला हा खर्च वजा धरता येत नाही. हे सगळं भांडताना सांगायचं नसतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि खाली या मुदतीची एक ओळ टाका. मालकापेक्षा त्यांचा अकाउंटंट ती ओळ आधी वाचतो, आणि मार्च जवळ आला की तोच फोन करतो. यापलीकडे माझा नियम असा: दोन बिलं थकली की तिसऱ्या महिन्याचं काम सुरू होत नाही. तशी सूचना आठ दिवस आधी. रस्त्यावरच्या दुकानाची काच पंधरवड्यात धुळीने मळते आणि ती मालकाला रोज दिसते.

आता ज्यांना बेभरवशाचं समजू नये त्यांच्याबद्दल. प्राधिकरणात एक आजी आहेत, बंगल्यात एकट्या. ठरलेला दिवस त्या हमखास विसरतात. मेसेज त्या बघत नाहीत, बेल ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी मी पद्धत बदलली. निघताना लँडलाईनवर फोन, गेटापाशी पोचल्यावर पुन्हा फोन, आणि रिंग बराच वेळ वाजू द्यायची, कारण मागच्या खोलीतून चालत यायला त्यांना वेळ लागतो. काम झालं की त्या देवघराच्या खालच्या खणातून बिस्किटाचा डबा काढतात, नोटा दोनदा मोजतात, मग मला मोजायला लावतात. आजवर एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. अशा माणसांना "वेळ मोडली" म्हणून वहीत फुली मारणं अन्याय आहे. तसंच ज्यांचा पगार सात तारखेला होतो त्यांना पाच तारखेचं काम देऊ नका, दहाचं द्या. घरात आजारपण असेल तर तारीख कितीही वेळा पुढे ढकला. मी कारण विचारतो आणि सरळ सांगितलेलं कारण मानतो. जो दर वेळी नवीन कारण सांगतो तो वेगळा, तो वहीत दिसतोच.

तीन वेळा न कळवता वेळ मोडली की मी सोडतो. भांडून नाही. "काका, तुमच्या वेळेशी माझी लाईन जुळत नाहीये. तुमचं काम अडू नये म्हणून आताच सांगतो, दुसरं कुणी बघा." एवढंच. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचं नाव घेऊन पैसे मागायचे नाहीत, वॉचमनपाशी चहाडी करायची नाही. त्याच जिन्यात आपली आणखी चार घरं असतात आणि त्या चार घरांना तुमच्या बोलण्यावरून तुम्ही कळता. थकलेले पैसे दर पंधरा दिवसांनी एका ओळीत मागत राहा. रक्कम आणि कामाची तारीख, दुसरं काही नाही. खूपदा दोन-तीन महिन्यांनी पैसे येतात.

घटस्थापनेआधीचा आठवडा आणि दिवाळीआधीचे पंधरा दिवस यांना वेगळे नियम लावा. तेव्हा सगळ्यांना एकच शनिवार हवा असतो आणि ऐनवेळी मोडलेली वेळ सगळ्यात जास्त लागते. मी वर्षभर वेळ पाळणाऱ्या घरांना आधी फोन करून त्यांच्या सोयीचे दिवस देतो. मग उरलेले दिवस निम्मे पैसे आगाऊ घेऊन नव्यांना. दोन दिवस आधी कळवलं तर आगाऊ रक्कम परत, त्यानंतर नाही, आणि हे मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. सोडलेली गिऱ्हाइकंही याच सुमाराला पुन्हा फोन करतात. त्यांना नाही म्हणत नाही. पूर्ण पैसे आधी आणि मंगळवार किंवा बुधवारची दुपार देतो. असं सलग दोन वेळा नीट पार पडलं की त्यांचं नाव परत लाईनीत घेतो आणि आगाऊ मागणं बंद करतो.