जुन्या झोर्कीवर झेनिटची लेन्स कशी बसवावी

आर्वीच्या बाजूला एका फोटोवाल्या काकांनी स्टुडिओ बंद केला, तेव्हा दोन वस्तू माझ्याकडे आल्या. एक झोर्की-४ हा सोव्हिएत रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा, आणि दुसरी झेनिट या एसएलआरची, म्हणजे आरशातून लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याची, मीर-१ ही ३७ मिमी फोकल लांबीची लेन्स. दोन्हींचा आटा (लेन्स फिरवून बसवायचे वेढे) ३९ मिमी व्यासाचा. लेन्स फिरवली, तशी अलगद बसली. मी खुशीत पूर्ण रोल मारला. धुऊन आला तर छत्तीसच्या छत्तीस फ्रेम धुक्यात बुडालेल्या.

आटा जुळला म्हणजे लेन्स जुळली असं नाही. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर महत्त्वाचं. झोर्की, फेड हा दुसरा सोव्हिएत कॅमेरा आणि स्क्रूवाल्या जुन्या जर्मन लायकामध्ये ते २८.८ मिमी आहे. एसएलआरमध्ये मधे आरसा हलतो, त्यामुळे लेन्स लांब ठेवावी लागते. ३९ मिमी आट्याच्या झेनिटमध्ये हे अंतर ४५.२ मिमी आहे, नंतरच्या ४२ मिमी आट्याच्या कॅमेऱ्यांत ४५.४६. म्हणजे मीर-१ झोर्कीवर लावायची तर मधे १६.४ मिमीचं कडं हवं. ४२ मिमी आट्याची लेन्स असेल तर १६.६६ मिमीचं.

लेन्स कोणती घ्यावी

या कड्यामुळे रेंजफाइंडरची जोडणी तुटते. कॅमेऱ्याच्या आत लेन्सला टेकणारा जो छोटा दांडा असतो, त्याला टेकायला काही उरत नाही. खिडकीतली दुहेरी प्रतिमा जुळत नाही आणि अंतर अंदाजाने लावावं लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की २८, ३५ किंवा ३७ मिमीची लेन्स घ्या. हेलिओस-४४ ही ५८ मिमीची लेन्स सहज मिळते आणि सुंदर आहे, पण अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/८ इतकं बारीक केलं, तरी माणसापासून क्षितिजापर्यंत सगळं नीट यायला समोरचा माणूस सात मीटर लांब उभा करावा लागतो. मीर-१ त्याच एफ/८ वर तीन मीटरपासून साथ देते.

दुसरं म्हणजे अ‍ॅपर्चर हाताने बंद होणारी लेन्स पाहा. मीर-१ तशीच आहे. ४२ मिमी आट्याच्या ऑटो लेन्सला मागे एक पिन असते. ती दाबणारं कॅमेऱ्यात काही नसल्याने अ‍ॅपर्चर कायम उघडं राहतं. लेन्सवर ऑटो-मॅन्युअल खटका असेल तरच घ्या.

कडं

४२ मिमी आट्याच्या लेन्ससाठी तयार कडं विकत मिळतं. घेताना व्हर्नियरने जाडी मोजा. एक-दीड मिमीची चपटी रिंगही त्याच नावाने विकली जाते. ती वेगळ्या कामाची आहे आणि इथे निरुपयोगी.

मी कडं लेथवर करून घेतलं. पंपाच्या मोटारीचे बुश आणि शाफ्ट करणारा लेथवाला आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. माझे लेथवाले काका आधी हसले. “एवढंसं कडं, अन् इतकं मोजमाप कायले पाह्यजे गा?” मी कागदावर काढून दाखवलं : अ‍ॅल्युमिनियम, एका तोंडाला बाहेरून ३९ मिमीचा आटा, दुसऱ्या तोंडाला आतून ३९ मिमीचा आटा आणि दोन बैठकींमधलं अंतर १६.४. आट्याची पिच (दोन वेढ्यांमधलं अंतर) १ मिमी. लायकाचे आटे इंचाला २६, म्हणजे जवळपास तेवढेच. चार-पाच फेऱ्यांत फरक पडत नाही.

नमुन्याला मीर-१ नेली. आतला आटा तिच्यावरच तपासता आला. बाहेरचा आटा तपासायला कॅमेरा नेऊ नका, लेथजवळ धातूचा कीस उडत असतो. फोटोवाल्या काकांच्या एनलार्जरची (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राची) लेन्स बसवायची ३९ मिमीची रिंग होती, तीच मी गेज म्हणून वापरली. बाहेरचा आटा किती लांब ठेवायचा हे कॅमेऱ्याच्या मूळ ५० मिमी लेन्सच्या आट्यावरून मोजा. तो जास्त लांब झाला तर आतल्या दांड्याला अडेल.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जाडी कमी झाली तर चालेल, जास्त झाली तर नाही. ३७ मिमीच्या लेन्सला कडं फक्त ०.१ मिमी जाड झालं, तर अंतराची रिंग अनंतावर, म्हणजे सगळ्यात दूरच्या खुणेवर, लावूनही फोकस चौदा मीटरच्या पुढे जात नाही. पातळ कड्याखाली कागदाची चकती घालून ते वर उचलता येतं. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते. म्हणून लेथवाल्या काकांना सांगितलं, “सोळा पॉइंट तीनच करा, वरचं मी पाहून घेतो.”

घरी आणल्यावर कडं रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. आट्यात अडकलेला एक कीस शटरच्या कापडी पडद्यात गेला तर पडदा फाटतो. आतली बाजू चकचकीत ठेवू नका. शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग पातळ हाताने लावा.

काचेवर फोकस

ही पायरी टाळाल तर पुढचा प्रत्येक रोल जुगार आहे.

झोर्की-४ ची पाठ पूर्ण निघते, फेड-२ चीही. फिल्मच्या जागी घासलेली काच ठेवायची. काचवाल्याकडून पातळ काचेचे दोन तुकडे घ्या, ३४ मिमी रुंद आणि ५० मिमी लांब. फिल्म ३५ मिमीची असते, त्यामुळे एवढी काच बाहेरच्या दोन पट्ट्यांच्या मधे बसते आणि आतल्या पट्ट्यांवर टेकते. ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मिळते. तिचा बारीक दाण्याचा थर दोन काचांमध्ये देऊन गोल-गोल घासा. पंधरा मिनिटांत दुधाळ, एकसारखा पृष्ठभाग येतो. धुऊन पुसा आणि घासलेली बाजू लेन्सकडे ठेवून टेपने बसवा.

शटर आधी चढवा, मग वेगाची चकती बी वर न्या, म्हणजे बटण दाबलेलं असेल तोवर शटर उघडं राहतं. झोर्की-४ मध्ये शटर न चढवता वेगाची चकती फिरवू नका, आतली यंत्रणा बिघडते. घरातल्या कोणाला तरी बटण दाबून धरायला सांगा. लेन्स पूर्ण उघडी, एफ/२.८. डोक्यावर गडद ओढणी घ्या आणि मूळ ५० मिमीची लेन्स उलटी धरून भिंगासारखी वापरा, पाचपट मोठं दिसतं.

लक्ष्य म्हणून मी शेतापलीकडचा हायटेन्शनचा मनोरा घेतला. त्याच्या लोखंडी जाळीच्या कडा स्पष्ट असतात. दीड-दोन किलोमीटर अंतर असावं. अंतराची रिंग अनंताच्या खुणेवर लावली, तर काचेवर मनोरा उलटा दिसला आणि कडा मऊ होत्या. रिंग जराशी जवळच्या अंतराकडे फिरवली, तेव्हा जाळी सुरीसारखी उमटली. म्हणजे कडं पातळ होतं, जसं हवं होतं तसंच. कागदाची एक चकती कापून कडं आणि कॅमेरा यांच्या मधे घातली आणि अनंत बरोबर खुणेवर आलं.

मग टेपने अंगणात दोन, तीन आणि पाच मीटर मोजून प्रत्येक ठिकाणी वर्तमानपत्र टांगा आणि काचेवर ताडा. लेन्सवरच्या आकड्यांशी जुळलं की काम झालं.

वापरताना

झोर्कीच्या खिडकीत ५० मिमीचं दृश्य दिसतं. ३७ मिमीला त्याहून साधारण एकतृतीयांश रुंद येतं. जमल्यास वर ३५ मिमीचा वेगळा फाइंडर लावा.

उन्हाळ्याची भीती खरी आहे. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला तर कापडी पडद्याला भोक पडतं. माझ्या पडद्याला वैशाखात बांधावर तसंच सुईएवढं भोक पडलं. झाकण लावायची सवय मला तेव्हापासून लागली. शिवाय ४५ अंशांत जुनं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं. कॅमेरा पत्र्याखाली किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी येते.

कडं बसवल्यावरचा पहिला रोल तान्हा पोळ्याला मारला. आभाळ उजळ पण ढगाळ, ४०० ची फिल्म, एफ/११, १/२५०. अंतर चार मीटरवर लावून सोडून दिलं. एवढ्यावर दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. लाकडी नंदी ओढत, कपाळाला टिळे लावलेली पोरं समोरून येत गेली आणि रिंगला हात न लावता मी बटण दाबत गेलो. या वेळी सरकीच्या माळा, नंदीची रंगवलेली शिंगं, मागची कवेलूची घरं, सगळं निगेटिव्हवर मोजता येईल इतकं स्वच्छ होतं.