पेपरांच्या मधल्या रविवारी आई-बाबा नाशिकला येणार असतील तर

बारावीसाठी किंवा सीईटीसाठी नाशिकमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या मुलांकडे शनिवार-रविवारी आई नाहीतर बाबा येतातच. कळवण, सटाणा, नांदगावहून एसटीने आलेलं माणूस म्हणतं, "चल, जरा कुठंतरी जाऊन येऊ." जावंच. खोली, क्लास आणि खानावळ यापलीकडे महिनाभर काही न पाहिलेल्या मुलाला त्याची गरज असते. मात्र फिरणं अर्ध्या दिवसाचं आणि ठिकाण एकच ठेवा.

आधी वेळापत्रक पाहा. सोमवारी पेपर असेल तर शनिवारी संध्याकाळचे दोन तास पुरे, रविवार अभ्यासाचा. मध्ये दोन दिवस मोकळे असतील तर पहिल्या दिवशी सकाळी निघून साडेदहापर्यंत खोलीवर या. बोर्डाचा सकाळच्या सत्रातला पेपर ११ ते २ असतो. त्या वेळेत जुनी प्रश्नपत्रिका सोडवायची सवय मोडू नका. बाहेर जड जेवून दुपारी ताणून दिली की रात्री एकपर्यंत डोळा लागत नाही आणि पुढचे दोन दिवस झोपेची घडी बसत नाही.

घोटाळा होतो तो "आलोच आहोत तर त्र्यंबकला जाऊन येऊ" म्हटल्यावर. अंतर तीसेक किलोमीटर, पण शनिवार-रविवारी दर्शनाच्या रांगेत अख्खा दिवस जाऊ शकतो. सप्तशृंगी गड तर साठेक किलोमीटरवर. देवदर्शनच हवं असेल तर पंचवटीत काळाराम मंदिर, सीतागुंफा आणि रामकुंड पायी होतात. १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला तो याच काळारामासमोर. इतिहास विषय असलेल्यांनी तिथे जरा थांबावं.

आमची पहिली पसंती पांडवलेणी. मुंबई महामार्गावर, शहरापासून आठेक किलोमीटर. आठच्या सुमारास पायथ्याशी पोचा. पायऱ्या चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मार्चपासून नऊनंतर ऊन चटके देतं. माणशी लिटरभर पाणी खालूनच घ्या. लेणी २४ आहेत, सगळी पाहायचा हट्ट नको. ३ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे, १८ क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह आहे. ही दोन नीट पाहा आणि उतरा. आईचे किंवा बाबांचे गुडघे दुखत असतील तर हा बेत सोडा, गंगापूर रोडने गोदावरीकाठच्या सोमेश्वर मंदिराला जा. तिथे चढ नाही, झाडी आहे. नदीच्या निसरड्या खडकांवर मात्र उतरू नका.

रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा, जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट. सिटीलिंकची (शहर बससेवेची) बस स्वस्त पडते, पण रविवारी तिच्या वेळेवर विसंबून परतीचा बेत आखू नका.

खाण्याचं सांभाळा. नाशिकला येऊन मिसळ नाही म्हणजे काय, हे खरं. पण तर्री वेगळी मागवा आणि रस्सा बेतानेच घ्या. बर्फाचा उसाचा रस आणि उघड्यावरचं पाणी परीक्षा संपेपर्यंत बंद. घरून डबा आणायचा तर रस्साभाजी नको. एसटीतल्या गरम डिक्कीत ती तीन तासांत आंबते, शिवाय तेल पिशवीभर होतं ते वेगळंच. दुधात भिजवलेल्या दशम्या, सुकी चटणी, लाडू हे दोन दिवस टिकतं आणि पेपरच्या सकाळी उपयोगी पडतं.

हॉल तिकीट आणि ओळखपत्र खोलीवरच ठेवा, फिरताना पिशवीत नको. झालेल्या पेपरात किती सुटलं, किती पडतील, हे आई-बाबांना विचारावंसं वाटणारच. "सगळे पेपर झाले की सांगतो," असं फोनवरच सांगून टाका. वाटेत विषय निघाला की पुढच्या पेपरची धास्ती वाढते.

आई-बाबा मुक्कामी राहणार असतील तर आधी हॉस्टेलला विचारा. बऱ्याच ठिकाणी पालकांना रात्री थांबता येत नाही. परतीची गाडी जुनं सीबीएस, ठक्कर बाजार की महामार्ग स्थानकातून सुटते, हे त्यांनी येतानाच कंडक्टरला विचारून ठेवावं. रेल्वेने जायचं असेल तर नाशिकरोड स्टेशन सीबीएसपासून नऊ-दहा किलोमीटर आहे, तासभर हाताशी ठेवा. मुलाने पोचवायला जाऊ नये. रविवार संध्याकाळच्या गर्दीत त्याचे जाऊन-येऊन दीड-दोन तास मोडतात.